यार्डातून घेतलेली जुनी गाडी, न आलेली एनओसी आणि खंबाटकीत बसलेलं इंजिन

प्रश्न थोडक्यात असा. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका तरुणाने दसऱ्याच्या आधी सातारा जिल्ह्यातल्या हायवेलगतच्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डातून २०१८ मॉडेलची दहा चाकी गाडी अकरा लाखांना घेतली. सहा लाख आरटीजीएसने दिले, साडेतीन लाख रोख, आणि दीड लाख एनओसी, म्हणजे आधीचं कर्ज फिटल्याचा फायनान्स कंपनीचा ना-हरकत दाखला, आल्यावर द्यायचे ठरले. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज आहे हे त्याला सांगितलं होतं. 'तुमच्याच पैशातनं फेडतो, पंधरा दिवसांत एनओसी हातात,' असा शब्द होता. अडीच महिने झाले तरी एनओसी नाही आणि गाडी नावावर नाही. त्यात तेविसाव्या दिवशी चाकणहून माल भरून येताना खंबाटकीच्या चढाला गाडी तापली, पाणी फेकलं. मिरजेच्या फिटरने दोन लाख चाळीस हजारांचा अंदाज काढून दिला. यार्डवाला म्हणतो, जशी आहे तशी घेतली म्हणून स्टॅम्पवर सही केलीय, शिवाय तुम्ही ओव्हरलोड भरली असणार. विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्यात: गाडी परत देऊन सगळे पैसे कसे मिळतील, पोलिसांत जाऊ का, आणि उसाचा सीझन सुरू झालाय तर तोवर इंजिन करून घेऊ का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याला घाई आहे. इंजिन आज उघडू नका. मी सांगलीत बावीस वर्षं वकिली करतोय, त्यातली निम्मी गाड्यांच्या वादात गेली. वडिलांची एक गाडी होती, त्यामुळे ग्रीसचा वास मला कोर्टाच्या फायलींच्या आधीपासून ओळखीचा आहे. तासगाव भागातला एक पक्षकार माझ्याकडे आला तेव्हा त्याचं हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-लायनर बदलायचं काम, होऊन गाडी पुन्हा रस्त्यावर होती. जुने पिस्टन-लायनर कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, फिटरने भंगारात घातले. त्याच्याकडे पुरावा म्हणून राहिलं होतं फक्त गॅरेजचं बिल, आणि बिल एवढंच सांगतं की काम झालं. बिघाड गाडी घेण्याआधीचा होता की नंतरचा, हे ते सुटे भाग सांगणार होते.

तेव्हा क्रम असा ठेवा. यार्डवाल्याला लेखी कळवा की अमुक तारखेला अमुक गॅरेजात इंजिन उघडणार आहोत, तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा. आठ दिवसांची मुदत द्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा आणि त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तो येणार नाही, बहुधा नाहीच. न येणं हेही तुमच्या कामाचं आहे. विम्याचे क्लेम पाहणारा एखादा परवानाधारक सर्व्हेअर फी भरून बोलवा आणि त्याच्यासमोर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दिसतील असे फोटो आधी काढा, मग एकेक भागाचे. काढलेला प्रत्येक तुकडा पोत्यात घालून, चिठ्ठी लावून घरी न्या.

तुमच्या निरोपात एक वाक्य आहे, ते तुम्ही सहज लिहिलंय पण मला तिथंच थांबावं वाटलं. यार्डवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर या गाडीच्या फोटोखाली 'सील पॅक इंजिन, नवीन पासिंग, टायर ७० टक्के' असं होतं आणि तुमच्याकडे त्याचा स्क्रीनशॉट आहे. सील पॅक म्हणजे कंपनीतून आल्यापासून कुणी न उघडलेलं इंजिन, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. आता तुमचा फिटर काय म्हणतो? हेडच्या बोल्टांवरचा रंग उडालाय, कोपऱ्यांवर पान्याचे ओरखडे आहेत, आणि चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्याच्या, कडेने लाल सिलिकॉन बाहेर आलंय. इंजिन आधी उघडून जोडल्याची ही खूण असू शकते. सर्व्हेअरने हे अहवालात लिहिलं, तर तुमचा दावा 'इंजिन खराब निघालं' इतका पोकळ राहत नाही. 'सील पॅक सांगून उघडलेलं इंजिन विकलं' असा होतो. जुनी गाडी जुन्यासारखीच वागणार, सहा-सात वर्षांच्या गाडीचं इंजिन बसलं म्हणून कुणी पूर्ण भरपाई देत नाही. विकताना जे सांगितलं ते खोटं होतं, यावर मात्र देतात.

'जशी आहे तशी' या सहीला फार घाबरू नका, पण ती नाहीच असंही समजू नका. पाचशेच्या स्टॅम्पवर 'गाडी पाहून, चालवून, समाधान झाल्यावर घेतली, पुढे तक्रार राहणार नाही' हा मजकूर बहुतेक यार्डांत टाइप करून तयारच असतो, फक्त नाव आणि नंबर भरायचा. टायरची घासण, हौद्याचा गंज, तुटलेला स्प्रिंगचा पाटा अशा उघड दिसणाऱ्या गोष्टींवर ती सही तुम्हाला बांधते. माल विक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्येही तेच तत्त्व आहे: पाहून घेतलेल्या मालात तपासणीत कळायला हवा होता असा दोष असेल, तर नंतर तक्रार चालत नाही. पण खोटं सांगून मिळवलेली संमती करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे रद्द करता येते, आणि स्टॅम्पवरच्या एका ओळीने खोट्याचं खरं होत नाही.

ओव्हरलोडचं उत्तर तुमच्या डॅशबोर्डच्या खणात असेल. चाकणला भरताना काट्याची पावती झाली असेल, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, वजन असेल, ई-वे बिल असेल. तिन्हींवरचं वजन जुळलं आणि ते आरसीवरच्या वजनात बसलं की हा मुद्दा संपला. न बसलं तर मला आधी सांगा, समोरच्याकडून कळायला नको. फास्टॅगचं स्टेटमेंटही काढा. टॅग अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर त्याच्याकडून मागा. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे या नाक्यांवरच्या नोंदी बघितल्या की ताबा घेतल्यापासून गाडी किती फेऱ्या पळाली ते तारखेनिशी निघतं. तेवीस दिवसांत चार फेऱ्या झालेल्या गाडीला 'तुम्ही वापरून खराब केली' म्हणणं अवघड जातं.

इंजिनाविषयी एवढं पुरे. खरं सांगायचं तर तुमचा हा वाद इंजिनावर उभा करू नये असंच माझं मत आहे. ते दुसऱ्या क्रमांकाला ठेवा. पहिला क्रमांक कागदाचा. इंजिनावर दोन तज्ज्ञ दोन मतं देतील. आरसीवर तुमचं नाव नाही आणि बोजा तसाच आहे, यावर दुसरं मत असूच शकत नाही. परिवहनच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकला की एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, दिसते, कुणीही बघावं.

इथे एक चूक बरेच जण करतात, वकीलसुद्धा. 'बोजा लपवून गाडी विकली' असं नोटिशीत लिहून मोकळे होतात. तुमच्यापासून बोजा लपवलेला नव्हता. माल विक्री कायद्याच्या कलम १४ मधली बोजामुक्त मालाची हमी न सांगितलेल्या आणि माहीत नसलेल्या बोजापुरती आहे. खोटं लिहिलं की यार्डवाल्याचा वकील त्याच स्टॅम्पवरची 'कर्जाची कल्पना दिली आहे' ही ओळ दाखवणार आणि तुमची सगळी नोटीस संशयात जाणार. तुमचं म्हणणं सरळ आहे, तसंच लिहा: कर्ज माहीत होतं, ते माझ्या पैशातून फेडून पंधरा दिवसांत एनओसी द्यायचं ठरलं, पैसे घेतले आणि कर्ज फेडलं नाही.

आता तो म्हणेल, मी मालक नाही, मी फक्त मध्यस्थ, दलाली घेतली. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधी मी ते लिहून ठेवतो. त्याला दोन उत्तरं. एक, सहा लाख कुणाच्या खात्यात गेले? यार्डाच्या फर्मच्या. विकणाऱ्याच्या खात्यात पैसे जातात, दलालाच्या खात्यात दलाली जाते. दोन, १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळी तरतूद आलीय. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र हवं, ते फॉर्म २९ बी मध्ये मिळतं आणि पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून फॉर्म २९ सी मध्ये पोर्टलवर कळवायचं. तसं कळवलं की तो डीलरच गाडीचा मालक धरला जातो आणि पुढच्या कागदांची जबाबदारी त्याच्यावर येते. नोटिशीत या दोन्हींच्या प्रती मागा. दिल्या तर जबाबदारी आलीच. न दिल्या तर अधिकारपत्राशिवाय धंदा चालवतोय, असं तुम्हाला म्हणता येतं.

मूळ मालकाला कुणी विचारत नाही, पण या प्रकरणात सगळ्यात उपयोगी माणूस तोच आहे. त्याला फोन करा, शांतपणे, भांडायला नको. त्याला वाटतंय गाडी गेली, आपण सुटलो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे आरटीओत ज्याचं नाव आहे तो, मग गाडी मधे चार हातांतून फिरलेली का असेना. उद्या तुमच्या हातून या गाडीने कुणाला उडवलं तर समन्स त्याच्या दारात जाणार. हे कळल्यावर माणूस जागचा हलतो. त्याच्याकडून दोन गोष्टी मिळवा. यार्डाने त्याला किती पैसे दिले, आणि फायनान्स कंपनीचं फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती भरायचं ते सांगणारं पत्र. ते पत्र कर्जदारालाच मिळतं, तुम्हाला किंवा मला काउंटरवर कुणी उभं करत नाही. त्यावर बाकी दोन लाख ऐंशी हजार आहे की पाच लाख, यावर तुमचा पुढचा सगळा हिशोब ठरणार.

कारण तुमच्या हातात अजून दीड लाख आहेत, आणि ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे. तो रोज फोन करून म्हणत असेल की आधी दीड लाख टाका, मग एनओसी. टाकू नका. मी बहुतेक प्रकरणांत असा मार्ग सुचवतो: यार्डवाला, मूळ मालक आणि तुम्ही एकत्र बसायचं, बाकीची रक्कम थेट त्या कर्ज खात्यात आरटीजीएसने भरायची, तुमचे दीड लाख आणि वरची भर यार्डवाल्याची. मग फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मूळ मालक घेणार आणि टीटीओचा, म्हणजे मालकी बदलाचा, सेट, फॉर्म २९ आणि ३० सह्यांनिशी, तुमच्या हातात देणार. यार्डाच्या खात्यात यापुढे एक रुपयाही जाऊ द्यायचा नाही. विकणाऱ्याचं नाव सातारचं आणि तुम्ही सांगलीचे, तेव्हा एमएच ११ कडच्या थकलेल्या ई-चलनांचा आणि कराचा निपटाराही त्याच बैठकीत लिहून घ्या. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ घातलेली असते ना, ती याचसाठी: त्या मिनिटाच्या आधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं.

रोख साडेतीन लाखांची पावती नाही म्हणता. 'साडेतीन मिळाले, शिल्लक दीड' असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहे, तो सोन्यासारखा जपा. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका. तो कोर्टात लावताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचा वकील करेल. आणि तो रोख नाकारायला लागला तर त्याला आठवण करून द्या की एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेणाऱ्याला आहे, घेतलेल्या रकमेइतका. धमकी म्हणून नको, नोटिशीत एक ओळ म्हणून. तुमचे पैसे बेदाण्याच्या पट्टीतून आणि पतसंस्थेच्या कर्जातून आले असतील तर ती पट्टी आणि कर्ज मंजुरीचं पत्र शोधून ठेवा, कारण पैसे कुठून आले हे तुम्हालाही विचारलं जाईल.

बैठक फिसकटली तर ग्राहक आयोग. 'ट्रक म्हणजे धंदा, ग्राहक आयोगात चालत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. अर्धवट खरं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळलाय, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेला माल त्यातून सोडवलाय. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचंच उदाहरण दिलंय: मालवाहतुकीसाठी ट्रक घेऊन स्वतः चालवणारा तो ग्राहक, फक्त दुसऱ्याकडूनच चालवून घेण्यासाठी वाहन घेणारा तो नाही. मदतीला एखादा माणूस असला तर बिघडत नाही. तुम्ही स्वतः चालवता, पुतण्या क्लीनर म्हणून असतो, तर तुम्ही बसता. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा आणि लायसन्सची प्रत जोडा. सीझनला मधेच ड्रायव्हर ठेवून दुसरी गाडी घ्यायचा विचार असेल तर हे प्रकरण संपेपर्यंत जरा थांबा.

यार्ड साताऱ्यात असलं तरी तुम्हाला साताऱ्याला जायची गरज नाही. आता तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते, म्हणजे सांगलीत. दिलेली रक्कम पन्नास लाखांच्या आत असली की जिल्हा आयोग, आणि तुमच्या साडेनऊ लाखांना फी दोनशे रुपये. मुदत दोन वर्षं, पण तितकं थांबायचं कारण नाही. यार्डवाल्याला म्हणणं मांडायला तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा, त्यापुढे आयोगालाही वाढवता येत नाही. त्याच्यासोबत मूळ मालकाला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा, आणि फायनान्स कंपनीलाही करा. कंपनीविरुद्ध तक्रार नाही हे स्पष्ट लिहा. गाडी उचलून नेऊ नये असा अंतरिम आदेश मागायचा असेल तर कंपनी समोर हवी, आणि थकलेल्या हप्त्यांपोटी वसुलीची माणसं रात्री शिरोळ नाक्यावर गाडी अडवतात तेव्हा 'मी पैसे दिलेत' याला कुणी विचारत नाही. निकालाला कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो हे धरूनच आपण बैठकीचा मार्ग आधी बघतो.

पोलिसांचं म्हणाल तर, पैसे घेतानाच कर्ज फेडायचा इरादा नव्हता असं दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज देता येतो. याच गाडीचे पैसे दोघांकडून घेतलेत किंवा चेसिस नंबर खोडून पुन्हा ठोकलाय असं काही निघालं, तर मी स्वतः सांगेन, आधी पोलीस ठाणं. नुसत्या दबावासाठी अर्ज दिला की 'हा दिवाणी वाद आहे' असं उत्तर कागदावर येतं, आणि तेच उत्तर पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

सगळे पैसे परत मिळतील का? मागणी तीच लावा: रक्कम परत, नाहीतर एनओसी, नाव आणि इंजिनाचा खर्च. पण स्वतःच्या मनाशी दुसरी गोष्ट धरून चला. तुम्हाला गाडी हवी आहे, कारखान्याशी वाहतुकीचा करार झालाय, उचल घेतलीय. एनओसी तारखेनिशी मिळाली, नाव झालं आणि इंजिनाच्या खर्चातले दीड लाख त्याने सोसले, तर मी तुमच्या जागी सही केली असती. चेक घ्या, तडजोडीत चेकचे नंबर लिहा. वटला नाही तर तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, ती तारीख चुकवू नका.

तोवर विमा बघा. पॉलिसी जुन्या नावावर असेल तर तिसऱ्या माणसाचं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे तुमच्याबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. गाडी नावावर होईपर्यंत घाटात भरून पाठवू नका, मग कारखान्याचा शेतकी अधिकारी कितीही फोन करो.

आणि परवा तो तुम्हाला म्हणाला ना, 'गाडी यार्डात आणून लावा, आमचा फिटर बघेल'? नेऊन लावायचीच वेळ आली तर रिकाम्या हाताने परत येऊ नका. दहाही टायरांचे नंबर, स्टेपनी, दोन्ही बॅटऱ्या, जॅक, ताडपत्री, मीटरवरचं किलोमीटर, डिझेल किती, हे सगळं लिहिलेली ताबा पावती त्याच्या शिक्क्यासह घ्या आणि चावी देताना दोघांचा एक फोटो काढा. मागच्या वर्षी एका पक्षकाराची गाडी अशीच 'तपासायला' गेली होती. परत आली तेव्हा पुढचे दोन टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेले, होते.